दुरुस्ती मागे नेताना

२०२१ च्या जूनमध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये एक दुरुस्ती दाखल झाली. मोजायला घेतली तर वीसेक ओळींच्या आतबाहेर भरेल, एवढीच. तिने बुजवलेली फट मात्र लहान नव्हती. ज्याला व्हर्च्युअल मशीन सुरू करण्याची आणि चालवण्याची मुभा आहे असा साधा वापरकर्ता त्या फटीतून मूळ संगणकाच्या मेमरीत हात घालू शकत होता. जी मेमरी त्याची नाही ती वाचणे, तिच्यावर लिहिणे आणि त्या जोरावर यंत्रावर जास्तीचे अधिकार मिळवणे शक्य होते. सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीत या फटीचा क्रमांक सीव्हीई-२०२१-२२५४३. त्याच महिनाअखेरीस आलेल्या ५.१३ या आवृत्तीत ती बुजली आणि नव्या कर्नेलपुरता प्रश्न मिटला. पण त्या दिवशी जगातले कामाचे सर्व्हर ५.१३ वर चालत नव्हते. ते ४.१९ वर होते, ५.४ वर होते, ५.१० वर होते, काही तर त्याहूनही जुन्या आवृत्त्यांवर. त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती उलट्या दिशेने, नव्याकडून जुन्याकडे न्यावी लागणार होती. या कामाला बॅकपोर्ट म्हणतात. संगणकाच्या क्षेत्रातही पुष्कळांचा समज असा की हे नकलेचे काम: तिकडून ओळी उचलायच्या, इकडे डकवायच्या. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. बॅकपोर्ट हे निवाड्याचे काम आहे, कधीकधी मूळ दुरुस्तीहून अवघड. ते ज्यांना त्या भागाची खोल जाण आहे त्यांच्याच हातात राहायला हवे, आणि जे जुन्या कर्नेलवर आपला कारभार चालवतात त्यांनी त्याचा भार उचलायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणाला द्यायचा, मेमरी कोणाला द्यायची, डिस्कवर काय कुठे लिहायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नेल आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे आहे. २००६ मध्ये क्युमरानेट या कंपनीत अवी किव्हिटी यांनी केव्हीएम नावाचा भाग लिहिला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून तो कर्नेलमध्येच सामील झाला. त्यामुळे एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय खुद्द लिनक्समध्ये आली. खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, आभासी संगणकाला गेस्ट. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याचा मोठा भाग या सोयीवर उभा आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापले क्लाउड विभाग सुरू केले. गुगलच्या क्लाउडमधली व्हर्च्युअल मशीन केव्हीएमवर चालतात आणि ॲमेझॉनच्या नायट्रो या व्यवस्थेचा गाभाही केव्हीएमवरच बेतलेला आहे. एकाच होस्टवर एका बँकेचा गेस्ट, एका दुकानाचा गेस्ट आणि एका अनोळखी माणसाने तासाच्या भाड्याने घेतलेला गेस्ट शेजारी-शेजारी चालू शकतो. त्यांच्यामधली भिंत कर्नेल राखतो. ती भिंत बहुतांशी मेमरीची असते, म्हणून व्हर्च्युअलायझेशनमधल्या मेमरीच्या चुका इतर चुकांपेक्षा जास्त घातक ठरतात.

मेमरीची वाटणी पानांनी होते. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर एक पान, म्हणजे पेज, ४,०९६ बाइटचे. गेस्टला वाटते की आपली स्वतःची मेमरी आहे, शून्य पत्त्यापासून सुरू होणारी. प्रत्यक्षात ती होस्टवरच्या एका सामान्य प्रोग्रामची मेमरी असते. गेस्टने मागितलेला पत्ता केव्हीएम आधी त्या प्रोग्रामच्या पत्त्यात बदलतो आणि मग खऱ्या पानाच्या क्रमांकात. हे दुहेरी भाषांतर सुरू असताना ते पान कोणी दुसऱ्याला देऊन टाकू नये, म्हणून कर्नेल प्रत्येक पानाला एक आकडा लावतो: सध्या हे पान किती जण वापरत आहेत. कोणी पान घेतले की आकडा एकाने वाढतो, सोडले की एकाने कमी होतो, शून्य झाला की पान मोकळे समजून पुढच्या मागणाऱ्याला मिळते. एखाद्या धर्मशाळेत प्रत्येक खोलीच्या दाराशी आत किती माणसे आहेत याची पाटी असावी आणि पाटीवर शून्य आले की व्यवस्थापकाने ती खोली पुढच्या यात्रेकरूला द्यावी, तसेच हे. आता त्या धर्मशाळेत एक खोली राखणदाराची आहे असे धरू. ती यात्रेकरूंसाठी नाही, म्हणून तिच्या पाटीवर कायम शून्य आणि ती कोणी देतही नाही. पण कोणी यात्रेकरू चुकून तिथे शिरला, नियमाप्रमाणे पाटीवर एक लिहिले गेले आणि तो बाहेर पडताना पुन्हा शून्य झाले, तर व्यवस्थापकाला वाटणार की खोली आत्ताच रिकामी झाली. तो ती नव्या माणसाला देऊन मोकळा होणार आणि राखणदाराचे सामान अजून आतच असणार.

केव्हीएममध्ये नेमके हेच घडत होते. काही ड्रायव्हर एकदम मोठा सलग तुकडा मागून घेतात. त्या तुकड्याचा हिशेब पहिल्या पानावर राहतो आणि मागच्या पानांचा आकडा शून्यच असतो. ती पाने मोकळी नसतात, पण मोजणीतही नसतात. अशी पाने एखाद्या उपकरणाच्या मार्गे प्रोग्रामच्या मेमरीत जोडली आणि ती गेस्टला दिली, तर केव्हीएम सवयीने आकडा शून्यावरून एक करायचा, काम झाल्यावर पुन्हा शून्य करायचा, आणि कर्नेल ते पान मोकळे समजून भलत्याला देऊन टाकायचा. गेस्टचा हात मात्र त्या पानावर राहिलेलाच असे. निकोलस पिगिन यांनी लिहिलेल्या दुरुस्तीचे सार एका वाक्यात मावते: आकडा आधीच शून्याहून जास्त असेल तरच तो वाढवा, नाहीतर पान घेऊ नका आणि चूक झाल्याचे कळवा. हिच्या आधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, केव्हीएमचे सांभाळकर्ते पाओलो बोन्झिनी यांनी तिथलीच आणखी एक चूक दुरुस्त केली होती. उपकरणाच्या मेमरीसाठी केव्हीएम जो वेगळा मार्ग घेत असे, त्या मार्गाने पानाचा क्रमांक तेवढा मिळायचा. त्या पानावर लिहिण्याची परवानगी आहे की फक्त वाचण्याची, ही माहिती वाटेतच गळून पडायची आणि केव्हीएम परवानगी आहे असे धरून चालायचा. प्रत्यक्षात हा मार्ग मुख्यतः गेस्टला पीसीआय उपकरण जोडून देण्यासाठी वापरात होता आणि तिथे लिहिण्याची मुभा बहुधा असायचीच, म्हणून वर्षानुवर्षे कोणाचे काही अडले नाही. ज्या चुकीने रोजचे काम अडत नाही ती चूक फार काळ टिकते.

आता मागे नेण्याचे काम पाहू. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. तिच्या मागे स्थिर आवृत्त्यांची वेगळी शाखा २००५ पासून चालते, ग्रेग क्रोआ-हार्टमन ती पहिल्यापासून सांभाळत आले आहेत. काही निवडक आवृत्त्या दीर्घकाळ जपल्या जातात, ४.१९ ही त्यांपैकी एक, ऑक्टोबर २०१८ मधली. या शाखेचे नियम लेखी आहेत. दुरुस्ती आधी लिनसच्या मुख्य शाखेत गेलेली असली पाहिजे. ती एका खऱ्या, लोकांना त्रास देणाऱ्या चुकीवर असली पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींच्या वर जाऊ नये. तपासलेली असावी. प्रत्येक बॅकपोर्टच्या माथ्यावर मूळ दुरुस्तीचा ओळखक्रमांक लिहायचा असतो, म्हणजे कोणालाही मूळ जागी जाऊन पडताळता येते. बॅकपोर्ट करणाऱ्याने काही बदलले असेल तर ते कंसात, आपल्या आद्याक्षरांसह नोंदवायचे. मग सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून चाचणीसाठी बाहेर ठेवतात आणि हरकत घ्यायला साधारण ४८ तास मिळतात. एका वेळच्या गठ्ठ्यात शेकडो दुरुस्त्या असू शकतात. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे. जगात फार थोड्या ठिकाणी इतकी मोठी यंत्रणा इतक्या उघड्यावर दुरुस्त होते आणि प्रत्येक बदलामागे एका माणसाचे नाव असते.

वर सांगितलेल्या दोन दुरुस्त्या ४.१९ वर नेताना काय आडवे आले, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ४.१९ पासून ५.१३ पर्यंत दोन वर्षे आठ महिने गेले होते आणि ५.१३ धरून पंधरा आवृत्त्या झाल्या होत्या. बोन्झिनींच्या दुरुस्तीने पानाची नोंद शोधण्यासाठी 'फॉलो-पीटीई' नावाच्या फंक्शनला हाक मारली होती. ५.१३ मध्ये त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात. ४.१९ मध्ये त्याच नावाचे फंक्शन होते, पण ते मेमरीच्या एका फाइलीत बंदिस्त, केव्हीएमला तिथे प्रवेशच नाही. बाहेरच्यांसाठी होते ते 'फॉलो-पीटीई-पीएमडी', आणि त्याला जास्तीच्या गोष्टी लागत: पत्त्यांच्या टप्प्याची सुरुवात आणि शेवट, शिवाय मोठ्या पानांची नोंद ठेवायला एक जागा. मधल्या काळात कोणीतरी साफसफाई करून ही जुनी रचना सुटसुटीत केली होती. म्हणजे बॅकपोर्ट करणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. साफसफाईचे पॅचही, म्हणजे ते सुटे बदलही, मागे आणायचे आणि मग दुरुस्ती जशीच्या तशी लावायची, ही एक. ५.१० हे अंतराने जवळचे होते, तिथे हीच वाट घेतली गेली. दुसरी वाट म्हणजे साफसफाईला हात न लावता दुरुस्ती जुन्या फंक्शनच्या भाषेत पुन्हा लिहायची आणि जास्तीच्या जागा रिकाम्या पाठवायच्या. ४.१९ साठी हीच निवडली गेली आणि कंसातली टीपही तेच सांगते. ती एक ओळीची टीप लिहायच्या आधी माणसाला काय काय कळलेले असावे लागते, ते पाहा. जागा रिकामी पाठवली तर जुने फंक्शन काय करते? मोठ्या पानाशी गाठ पडली तर ते चूक परत देते की तसेच पुढे जाते? कुलूप कोण लावतो आणि कोण उघडतो? मूळ दुरुस्ती लिहिणाऱ्याला एकच कर्नेल डोक्यात ठेवावा लागतो. मागे नेणाऱ्याला दोन ठेवावे लागतात, शिवाय त्यांच्यामधला इतिहासही.

वर सांगितलेली अडचण त्यातल्या त्यात बरी, कारण ती लपत नाही. फंक्शनला चारऐवजी सात गोष्टी लागत असतील तर कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तिथेच अडवतो. खरा धोका पॅच बिनबोभाट बसतो तेव्हा असतो. २०२३ च्या अखेरीस ६.१ या दीर्घकालीन आवृत्तीत हेच झाले. एक्स्ट४ या फाइलप्रणालीसाठीची एक दुरुस्ती ६.१.६४ मध्ये आणली गेली. मुख्य शाखेत ती अगदी बरोबर होती. पण फाइलमध्ये कुठवर लिहून झाले याची नोंद केव्हा पुढे सरकवायची, याबद्दल ती एका आधीच्या, वेगळ्या भागातल्या बदलावर विसंबून होती, आणि तो बदल ६.१ मध्ये नव्हताच. पॅच सुरळीत लागला, कर्नेल तयार झाला, सुरू झाला, आणि काही प्रकारच्या लेखनात लोकांच्या फाइली बिघडू लागल्या. डेबियन या लिनक्स वितरणाने ९ डिसेंबर २०२३ ला येऊ घातलेली आपली १२.३ ही आवृत्ती थांबवली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नेलसह १२.४ दिली. यात कोणी आळस केला असे नाही, नियमही मोडला नव्हता. दोन्ही बदल आपापल्या जागी योग्य होते. त्यांच्यातले अवलंबन कुठे लिहून ठेवलेले नव्हते. असे अवलंबन कंपायलरला दिसत नाही. ज्याने तो भाग घडताना पाहिला आहे त्याला दिसते, निदान दिसण्याची शक्यता असते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: माणसाची स्मृती एवढी महत्त्वाची असेल तर ती यंत्राला का शिकवू नये? तसा प्रयत्न झालेला आहे आणि चालूही आहे. स्थिर शाखेचे दुसरे सांभाळकर्ते साशा लेविन यांनी मुख्य शाखेतून बॅकपोर्टला योग्य दुरुस्त्या आपोआप हेरणारी 'ऑटोसेल' ही पद्धत सुरू केली, आणि तिच्यात मशीन लर्निंगही वापरले. तिचा उपयोग खरा आहे. पुष्कळ लेखक आपल्या दुरुस्तीवर स्थिर शाखेसाठीची खूण करायला विसरतात आणि ते निसटलेले हेरायला यंत्र माणसापेक्षा चिवट असते. पण ज्या भागांबद्दल हा लेख आहे त्यांच्या सांभाळकर्त्यांनी काय केले, ते बोलके आहे. मेमरी व्यवस्थापनाचे अँड्र्यू मॉर्टन यांनी सांगितले की आमच्या भागातले जे पॅच स्पष्टपणे स्थिर शाखेसाठी म्हणून खूण केलेले असतील तेवढेच घ्या. केव्हीएमच्या बाबतीत निवड 'मॅन्युअलसेल' या शीर्षकाखाली येऊ लागली: यंत्राने किंवा माणसाने सुचवायचे, पण सांभाळकर्ता प्रत्येक पॅचला नाव घेऊन होकार किंवा नकार देणार, आणि होकार नसेल तर पॅच जाणार नाही. यंत्राला विरोध म्हणून हे झालेले नाही. सुचवणे आणि निवाडा करणे ही दोन कामे वेगळी ठेवली गेली आणि दुसरे जाणकाराकडे राहिले, एवढेच. मला ही विभागणी नेमकी योग्य वाटते. ज्या भागात एक चुकीचा आकडा शेजारच्या भाडेकरूची मेमरी उघडी करू शकतो, तिथे होकार देणाऱ्याला कारण सांगता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो खुद्द कर्नेलच्या लोकांकडूनच येतो. जुने कर्नेल टिकवायचेच कशाला? नवी आवृत्ती घ्या, सगळ्या दुरुस्त्या आपोआप मिळतील आणि त्या ज्यांच्यासाठी लिहिल्या त्याच संदर्भात मिळतील. या म्हणण्याच्या बाजूने मोठा पुरावा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा तिच्यावरचा उपाय कर्नेलच्या मेमरीची मांडणीच बदलणारा होता. ४.१४ या तेव्हाच्या ताज्या दीर्घकालीन आवृत्तीला मुख्य शाखेतला खरा उपाय मिळाला. ४.४ आणि ४.९ यांना मात्र तो नेता आला नाही. तिथे आधीच्या 'कायझर' या संशोधनातून घडवलेला वेगळा उपाय लावावा लागला, आणि शक्य असेल त्यांनी ४.१४ कडे जावे असे क्रोआ-हार्टमन यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितले. आपल्या उदाहरणातही हीच मर्यादा दिसते. पिगिन यांची २०२१ ची दुरुस्ती ही मोजणीत नसलेले पान नाकारणारी होती; मुळात केव्हीएमने अशा पानांचा आकडा का वाढवावा, हा प्रश्न तिने सोडवला नाही, आणि ग्राफिक्ससारख्या काही रास्त वापरांची वाटही तिने बंद केली. मुळातला उपाय पुढे ऐंशीहून अधिक पॅचच्या मालिकेत आला आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये पोहोचला. ती मालिका ४.१९ वर नेण्याचा विचारही कोणी शहाणा माणूस करणार नाही. म्हणून मी हे पूर्ण मान्य करतो की बॅकपोर्टने फट बुजते, पाया बदलत नाही, आणि ज्याला नव्या आवृत्तीवर जाता येते त्याने जावे.

पण प्रत्येकाला जाता येत नाही, आणि त्यामागे निव्वळ कंटाळा नसतो. वीजकेंद्रे, रेल्वेचे नियंत्रण, कारखान्यातली यंत्रे यांच्यावरचे सॉफ्टवेअर मंजुरीच्या चाचण्यांतून गेलेले असते. कर्नेल बदलला की त्या चाचण्या पहिल्यापासून. अशा वापरासाठी हिताची, सीमेन्स, तोशिबा यांच्यासारख्या कंपन्यांनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म उभा केला आणि ४.४ हा कर्नेल २०२७ पर्यंत, ४.१९ हा २०२९ पर्यंत जपण्याची जबाबदारी घेतली. रेड हॅट या कंपनीच्या एंटरप्राइझ लिनक्स ७ चा कर्नेल ३.१० या २०१३ च्या आवृत्तीवर बसवलेला होता आणि त्याची नेहमीची देखभाल जून २०२४ पर्यंत चालली. या क्षेत्राशी महाराष्ट्राचा सरळ संबंध आहे, कारण रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कार्यालयांचा कारभार अशा जपलेल्या कर्नेलवर वर्षानुवर्षे चालतो. व्हर्च्युअलायझेशनच्या होस्टची आणखी एक अडचण असते. त्याचा कर्नेल बदलायचा म्हणजे त्याच्यावरचे सगळे गेस्ट एकतर थांबवायचे किंवा चालू स्थितीतच दुसऱ्या होस्टवर हलवायचे. मोठ्या कंपनीकडे हलवायला जागा असते, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेकडे किंवा महाविद्यालयाकडे असेलच असे नाही. आणि त्याच आवृत्तीतल्या छोट्या दुरुस्तीसाठी यंत्र पुन्हा सुरू करायला जी संस्था तयार होते, ती पंधरा आवृत्त्या पुढची उडी मारायला तयार होईल असे धरता येत नाही. ज्यांना तीन वर्षांनी नव्यावर जायचे आहे, त्यांना ती तीन वर्षे सुरक्षित राहण्याचा हक्क आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. जुने कर्नेल जपायचेच, तर स्थिर शाखेतल्या शेकडो दुरुस्त्या घेण्यापेक्षा फक्त सुरक्षेच्या म्हणून नोंदवलेल्या तेवढ्या निवडून घेऊ, म्हणजे एक्स्ट४ सारखा अपघात होणार नाही. हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण मेमरीच्या बाबतीत तो टिकत नाही. बोन्झिनींची पहिली दुरुस्ती आल्या दिवशी कोणाला फक्त नीटनेटकेपणाची वाटली असती. काही महिन्यांनी त्याच ठिकाणची दुसरी फट सीव्हीई क्रमांक घेऊन आली. कर्नेलमध्ये कोणती चूक उद्या हल्ल्याचे साधन होईल, हे चूक दुरुस्त करणाऱ्यालाही सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलचे लोक सीव्हीई क्रमांक स्वतःच देतात आणि सढळ हाताने देतात, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय निवडून घेणारा जितके जास्त गाळतो तितका त्याचा कर्नेल स्थिर शाखेपासून दूर जातो आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या घरची समस्या होते. एक्स्ट४ च्या प्रसंगातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. दुरुस्त्या कमी घेऊन तिथले दुखणे बरे झाले नसते. लेखकाने आपली दुरुस्ती कशावर अवलंबून आहे ते लिहिले असते तर झाले असते. तशी सोय नियमांत आहेच: खुणेच्या ओळीपुढे आधी कोणता पॅच हवा ते नोंदवता येते. ती एक ओळ लिहायला लेखकाला थोडा वेळ लागतो. ती नसली तर मागे नेणाऱ्याला तेच शोधायला दिवस लागू शकतात.

राहिला प्रश्न हे सगळे करायचे कोणी. २०१७ मध्ये काही कर्नेल सहा वर्षे जपण्याचे ठरले होते. २०२३ मध्ये मात्र दीर्घकालीन आवृत्त्यांचा मूळ कालावधी पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. फार जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे आणि सांभाळणाऱ्यांवरचा ताण फार, असे कारण दिले गेले. त्यानंतर काही आवृत्त्यांची मुदत वाढली आहे, पण ती त्या वापरणाऱ्या कंपन्या चाचणीचे काम अंगावर घेतात तेव्हाच. हे मला न्याय्य वाटते. जिथे मेमरीसारख्या भागात प्रत्येक होकाराला एका जाणकाराचे नाव लागते, तिथे जाणकारांची संख्या हीच खरी मर्यादा आहे, आणि ती फुकटच्या अपेक्षेने वाढत नाही. जुन्या कर्नेलवर व्यवसाय करणाऱ्या कंपनीने एक-दोन अभियंत्यांना स्थिर शाखेच्या चाचणीसाठी आणि बॅकपोर्टसाठी पूर्ण वेळ द्यावा. पुण्यात, बंगळुरूत आणि हैदराबादेत त्या योग्यतेची माणसे आहेत. आपल्याकडच्या नोकरीच्या मूल्यमापनात मात्र नवे काही बांधणाऱ्याला गुण मिळतात, जुने नीट राखणाऱ्याला क्वचित. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही मी सांगेन की कर्नेल शिकायचा असेल तर एखादी छोटी मेमरी दुरुस्ती घ्या आणि ती तीन आवृत्त्या मागे नेऊन पाहा. मधे काय काय बदलले आणि का बदलले, हे शोधताना जे कळते ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

आणि ज्यांचा कोडशी काहीच संबंध नाही, पण ज्यांच्या संस्थेचा हिशेब, निकाल किंवा रुग्णांच्या नोंदी एखाद्या सर्व्हरवर आहेत, त्यांनी तो सांभाळणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: आपला कर्नेल कोणत्या आवृत्तीचा आहे, आणि त्याच्या दुरुस्त्या आज कोण मागे आणून देतो आहे? पहिल्याचे उत्तर एका आज्ञेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर 'कोणी नाही' असे आले, तर तो सर्व्हर बदलण्याचे काम याच वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्या. ४.१९ ची स्थिर शाखा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आहे.